कोंडवाड्यातली खूण

निवेदनावर आपल्याच बायकोची सही आहे हे बिरदेवला कळलं ते मोबाईलवर, आणि तेही नेमकं नारळ फोडायच्या दिवशी सकाळी, अर्ध्या गालावर साबणाचा फेस असताना. फोन सरजेराव आप्पांचा होता. आप्पा पंचायत समितीचे माजी सभापती. शिरूरमध्ये कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घरातल्या माणसांआधी त्यांना कळायचं.

"बिरदेव, तुमी जुनी कचेरी पाडायला निघालाय आन् वहिनी वाचवायला. घरातच इलेक्शन लागलंय म्हना की!"

आप्पा हसले. पण एवढ्या सकाळी नुसतं हसायला फोन करणाऱ्यांतले ते नव्हते. कचेरीच्या जागेवर गाळे बांधायचे हे त्यांच्या मनात कैक वर्षांपासून होतं.

बिरदेव तसाच स्वयंपाकघरात गेला. सुषमा नैवेद्याच्या पोळ्या लाटत होती.

"सही केलीस?"

"केली."

"मला न इचारता?"

"तुम्ही टेंडर भरलंत तेव्हा मला विचारलं होतं?"

बिरदेवनं आवाज चढवला. "अगं, ठेकेदार मी! माझ्याच कामाच्या आडवं माझ्याच घरातनं निवेदन? गावात तोंड कुठं दाखवू?"

"आधी दाढी तरी पूर्ण करा," सुषमा म्हणाली. "मग बघू कुठं दाखवायचं."

तहसील कचेरी नव्या इमारतीत गेल्यापासून जुनी इमारत ओस पडली होती. काळ्या दगडाच्या कमानी, सागवानी खांबांचा लांब व्हरांडा, खजिन्याच्या खोलीचे जाडजूड गज, आणि मागच्या अंगाला कोंडवाडा, म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं दंड भरेपर्यंत डांबून ठेवायची जागा. सुषमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी ती चौथीची पोरं घेऊन कचेरी दाखवायला जायची. पोरं खजिन्याचे गज धरून चोर-पोलीस खेळायची आणि ती घसा कोरडा करून त्यांना सांगायची की आपल्या आज्या-पणज्यांनी शेतसारा इथंच भरला. निवृत्त पोस्टमास्तरांनी कलेक्टरसाहेबांना द्यायचं निवेदन लिहिलं, वास्तू पाडू नये, तिथं वाचनालय करावं म्हणून, आणि सुषमानं सही केली. नवऱ्याला सावकाश सांगू असं तिनं ठरवलं होतं. सावकाश सांगायच्या गोष्टी त्या घरात नेहमीच दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या.

"तुला वाटतंय मी सागवानासाठी पाडतोय? गाळ्यांसाठी?" बिरदेवचा आवाज एकदम खाली आला. "आबांसाठी घेतलंय हे काम. पयला घाव आबांचा. त्या कोंडवाड्यानं त्यांची उभी हयात नासवली, तर ती भिंत त्यांच्याच हातानं पडू दे."

सुषमाचं लाटणं थांबलं. सासऱ्यांची, हरिबाची, गोष्ट तिला ठाऊक होती. पण नवऱ्यानं टेंडर त्यासाठी भरलं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि आता तिला त्याच्यावर धड रागावताही येईना.

हरिबाची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती आणि हरिबापुढं कुणीही काढत नसे. हरिबा तेव्हा ऐन विशीत होता. त्याच्या बापाचा, म्हाळूआबांचा, कळप घोडनदीच्या काठानं भीमेकडं निघालेला. मेंढ्या व्यायचे दिवस. लागोपाठच्या जागरणांनी हरिबाचा पहाऱ्यावर डोळा लागला आणि कळप पाटलांच्या हरभऱ्यात शिरला. सगळी मेंढरं कोंडवाड्यात गेली. ती सुटून आल्यावर म्हाळूआबांनी चार कळपांच्या माणसांसमोर लेकाला उभं केलं. "माझं मेंढरू कवा कोंडवाड्याचं दार शिवलं न्हाई. तू पयला," एवढंच म्हणाले, आणि थोरल्याच्या डोक्यावर असायची ती देवाची पाटी उचलून धाकट्याच्या डोक्यावर दिली. बिरोबा ज्याच्या डोक्यावर, कळप त्याचा. हरिबा त्याच दिवशी बायकोला घेऊन निघाला तो दौंडला येऊन थांबला. रेल्वेच्या लोको शेडमध्ये त्यानं कोळसा ओढला, पुढं भीमेकाठी जमिनीचा तुकडा घेतला, पोरं शिकवली. बाप गेला तेव्हा मातीला जाऊन आला, पण अबोला सुटायचा राहिला तो राहिलाच. आजही शिरूरला लेकाकडं आला की जीप कचेरीवरून न नेता बाजारतळाकडून वळवायला लावायचा.

"कसली सही म्हनायची?"

दारात सासू, गिताबाई, उभी होती. म्हातारा-म्हातारी आदल्या दिवशीच दौंडहून आली होती.

"जुनी कचेरी पाडू नये म्हणून सही केली, आत्याबाई," सुषमा म्हणाली आणि बोलणी खायची तयारी करून पोळपाटाकडं बघत राहिली.

"चांगलं केलंस."

सुषमानं मान वर केली. सून झाल्यापासून हे दोन शब्द तिनं या तोंडून क्वचितच ऐकले होते. लग्नानंतर तिनं नोकरी सोडली नाही याचा राग सासूनं कितीतरी वर्षं मिठासारखा जपून वापरला होता.

"आये, तू तरी!" बिरदेव म्हणाला. "आबांचं काय झालं तिथं, तुला ठावं न्हाई का?"

"मला न्हाई तर कुनाला ठावं असनार?" गिताबाईनं पदर खांद्यावर घेतला. "तू पयलं त्वांड धू जा. फेस वाळला."

आणि बाहेरून हरिबाची हाक आली. कोरं धोतर, गुलाबी पटका, हातात काठी. एवढा उत्साह त्याच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही कुणी पाहिला नव्हता.

"चला की आता! ऊन चढतंय. त्या भिताडाला किती वाट बगाय लावायची?"

*

जीपमध्ये गिताबाई खिडकीपाशी बसली. नवऱ्याचा गुडघा आनंदानं हलत होता, तो तिला कळत होता.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती आणि तिला माहीत होती. मेंढरं कोंडली तेव्हा हरिबा आत गेलाच नव्हता. शरमेनं दारातूनच परतला आणि दंडाची सोय करायला गावोगाव पळाला. आत गेली ती गिताबाई. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या होत्या, पोटुशी होत्या, त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. नवी नवरी ती, धड सतरा-अठराची, जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी मेंढरांच्या उबेला बसून राहिली. एक मेंढी तिथंच व्याली. ते कोकरू तिनं ओटीत घेतलं आणि पुढं ओटीतूनच दौंडला नेलं. दौंडच्या घरी मेंढरं झाली ती सगळी त्या एका कोकराची.

तिथं बसल्या बसल्या तिनं भिंतीवरच्या खुणा पाहिल्या. प्रत्येक कळपाची कानाची खूण वेगळी असते, कुणी टोक कापतो, कुणी चीर देतो. ज्याची मेंढरं कोंडली जात तो आपली खूण दगडावर कोरून ठेवी, म्हणजे मागून येणाऱ्या सोयऱ्याधायऱ्यांना कळावं की आत कुणाचा कळप आहे, आणि कुणीतरी मदतीला धावावं. डोणीच्या वर दोन कान कोरलेले होते. उजव्याचं टोक उडवलेलं, डाव्याला दोन चिरा. ती खूण साऱ्या मुलखात एकाच कळपाची होती. आधी तिला वाटलं, नवऱ्यानंच कोरली. मग तिनं बोट फिरवलं. रेघा जुन्या होत्या, त्यांच्यात शेवाळ वाळलेलं होतं.

सुटल्यावर तिनं हळूच सासूला विचारलं. जाईबाईनं तिचा हात असा दाबला की बांगडी पिचली. "माझ्या लग्नाच्या सालची हाय ती. ह्यांचा कळप गव्हात शिरला व्हता. कुनी यायच्या आत दंड भरून सोडवला. कुनाला ठावं न्हाई, आन् कळायचं बी न्हाई. कळलं तर तुझा सासरा जीव देईल." आणि त्याच सांजेला म्हाळूआबांनी चार माणसांत ते वाक्य उच्चारलं. गिताबाई खाली मान घालून ऐकत राहिली. सुनेनं सासऱ्याला खोटं पाडायचं ते दिवस नव्हते. पुढं सासू-सासरे गेले, कोंडवाड्यात जनावरं कोंडायचं बंद झालं, मतपेट्या ठेवायला सरकारनं वर पत्रे टाकले, भिंतींना चुन्याचा गिलावा केला, आणि तिला वाटलं, झाकलं गेलं ते बरंच झालं.

पण झाकणं वेगळं आणि पाडणं वेगळं. आज भिंत पडली की हरिबा हसत घरी येणार होता आणि जन्मभराचा तो कलंक खरा मानूनच मरणार होता. आणि आज त्यानं ती खूण पाहिली, तर बापावरचा सगळा जुना राग नव्यानं भडकणार, आणि गप्प बसलेल्या बायकोला तो काय म्हणेल याचा तर तिला अंदाजच करवेना. जीप कचेरीच्या फाटकातून आत वळली तरी तिचं ठरलं नव्हतं.

*

कचेरीच्या मागं मांडव घातला नव्हता, पण सतरंजी होती, खुर्च्या होत्या, आणि सरजेराव आप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आधीच येऊन बसलेले होते. बिरदेवची माणसं पहारी घेऊन उभी होती. फाटकाबाहेर जेसीबी धडधडत होता.

"या आबा, या!" आप्पा उठले, हरिबाच्या पाया पडले. "आज तुमचा मान."

हरिबा कोंडवाड्याच्या दारात अडखळला. चौकटीवर त्यानं हात ठेवला आणि क्षणभर तिथंच थांबला. मग आत गेला. मोडक्या खुर्च्या बाहेर काढून टाकल्या होत्या, आत नुसती पांढरी भिंत आणि कोपऱ्यात ती दगडी डोण.

"लई बारकं हाय की," तो म्हणाला. "मला वाटत व्हतं, लई मोठं असंल."

सुषमानं भिंतीला हळदकुंकू लावलं. तिची सही एका कागदावर होती आणि हळदकुंकवाचं ताट हातात होतं. बिरदेवनं नारळ फोडला आणि पहार बापाच्या हाती दिली.

"मारा आबा. पायजे तिथं मारा."

हरिबानं पहार तोलली. दारासमोरच्या भिंतीकडं वळला.

"तिथं नगं."

सगळ्यांनी मागं पाहिलं. गिताबाई पुढं आली होती.

"तिथं नगं," ती पुन्हा म्हणाली. "ह्या कोपऱ्यात. डोनीच्या वर. पर जोरात मारू नगा. नुसता गिलावा पाडा."

"म्हंजी? आता मला भिताड पाडाय बी तू शिकवनार?"

"आजच्या दिस ऐका."

हरिबा कुरकुरला, पण ऐकलं. टोकानं दोन-तीन टोले दिले. चुना फुगलेलाच होता, त्याचा मोठा पोपडा सुटला आणि डोणीत पडून फुटला. धूळ बसली. मागचा काळा दगड उघडा पडला.

हरिबा बघत राहिला. मग वाकला. बोट पुढं केलं. उजव्या कानाचं उडवलेलं टोक. डाव्याची एक चीर. दुसरी चीर.

"ही आपली खून हाय," तो म्हणाला. "म्या न्हाई कोरली. म्या आतच आलो न्हाई."

"तुमी न्हाई कोरली," गिताबाई म्हणाली. "मी आत बसले तवा ती आधीच व्हती. शेवाळ वाळलेलं व्हतं तिच्यात. आत्याबाईंना इचारलं मी. मामांनी कोरलेली हाय. त्यांच्या लग्नाच्या साली त्यांची मेंढरं बी हितंच कोंडली व्हती. गव्हात शिरली म्हनून."

बाहेर जेसीबी धडधडतच होता. बिरदेवनं ड्रायव्हरला हातानं खूण करून तो बंद करायला लावला.

"आन् मला म्हनला, तू पयला." हरिबाच्या हातातली पहार खाली टेकली. "चार मानसांत म्हनला. देवाची पाटी काढून घेतली. मी लेकरावानी रडलो तवा, तुला ठावं हाय. दौंडपातुर रडत गेलो." तो वळला. "आन् तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"एवढी वर्सं?"

"व्हय. मामा बोलले तवा बी ठावं व्हतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

गिताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "मामा जित्ते व्हते तवर तुमी कुऱ्हाड घिऊन गेला असता. आन् ते गेल्यावर सांगून काय करू? मेलेल्या मानसाशी भांडाय तुमाला कुठं धाडू? मला वाटलं, इसराल तुमी. न्हाई इसरलात. चूक झाली माझी."

हरिबा डोणीच्या काठावर बसला. गिताबाईकडं त्यानं पाहिलं नाही. ती तिथंच उभी राहिली. आणि सुषमा, जिनं आजवर सासूशी मोजकं बोलण्याचं तंत्र पक्कं बसवलं होतं, ती जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिचा हात धरला. गिताबाईनं तो सोडवून घेतला नाही.

सगळ्यांत आधी तोंड उघडलं बिरदेवनं, आणि रागानं. आजोबाला त्यानं फारसं पाहिलं नव्हतं, पण बापाला रोज पाहत आला होता.

"पाडतोच आता!" त्यानं पहार उचलली. "असल्या खोटारड्याची खून ठिवायची कशाला? आधी हाच दगड फोडतो."

"हात लावू नगंस!"

हरिबाचा एवढा मोठा आवाज लोको शेड सुटल्यापासून कुणी ऐकला नव्हता. बिरदेव जागच्या जागी थांबला.

"त्यो माझ्याशी कवा खरं बोलला न्हाई," हरिबा म्हणाला. "कवाच न्हाई. मातीला गेलो तवा त्याच्या तोंडाकडं बगत बसलो, आता तरी कायतरी कळंल म्हनून. हितं बोललाय त्यो. ह्या एका दगडावर. त्यो बी माझ्यावानीच झोपला असंल रं. पहाऱ्यावर. पोरसवदाच असंल तवा." त्यानं तोंडावर पटक्याचा शेव धरला आणि तो सगळ्यांदेखत रडला.

सरजेराव आप्पा घसा खाकरून पुढं झाले. त्यांचा मघाचा रुबाब कमी झाला होता.

"आबा, त्यो हरभरा आमच्या आज्ज्याचा व्हता," ते म्हणाले. "आमच्या घरात ही गोष्ट हसून सांगायचे. मी बी हसलोय." मग त्यांनी बिरदेवकडं पाहिलं. "पर बिरदेव, एक सांगतो. वर्क ऑर्डर निघालीय. एका भिंतीपायी गाळे आडकले तर लोक मला इचारतील, आन् मी तुमाला इचारीन."

"इचारा आप्पा," बिरदेव म्हणाला. "आज नगा इचारू. उद्या इचारा." मग तो फाटकाकडं ओरडला, "जेसीबी माघारी घे! आज काम न्हाई."

"आन् उद्या?" ड्रायव्हरनं तिकडून विचारलं.

"उद्या बी न्हाई. मी कलेक्टर हापिसला जाऊन येतो, मग बगू." आणि बायकोकडं न पाहता म्हणाला, "त्या निवेदनावर ठेकेदाराची सही चालती का गं?"

"पोस्टमास्तरांना विचारायला लागेल," सुषमा म्हणाली. "असा अर्ज त्यांनीही पाहिला नसेल." आणि सकाळपासून पहिल्यांदा ती दोघं एकमेकांकडं बघून हसली.

तोवर हरिबा उठला होता. पडलेल्या चुन्यातून त्यानं एक गंजका खिळा शोधला आणि बापाच्या खुणेशेजारचा दगड तळहातानं पुसू लागला.

"मामा, नको," सुषमा घाईनं म्हणाली. "जुना दगड आहे. नवी रेघ नको ओढायला."

"का गं? बापाशेजारी लेकाला जागा न्हाई व्हय?"

मग तिनं पर्स उघडली. निवेदनाची एक प्रत सह्यांसाठी तिच्याजवळ होती. ती तिनं डोणीच्या काठावर पसरली आणि पेन पुढं केलं. "इथं आहे जागा. इथं काढा."

हरिबा आजवर जिथंतिथं अंगठा देत आला होता. लोको शेडात, तलाठ्याकडं, मतदानाला. त्यानं पेन मुठीत धरलं आणि पोस्टमास्तरांच्या वळणदार सहीखाली दोन कान काढले. उजव्याचं टोक उडवलं. डाव्याला एक चीर दिली, मग दुसरी. लांब धरून बघितलं. आणि मग घटकाभरात पहिल्यांदा बायकोकडं पाहिलं.

"हिची बी घे," तो सुषमाला म्हणाला. "मी तर दारातनं पळालो. आत हीच बसली व्हती."

"बाईमानसाची कुठं खून असती?" गिताबाई म्हणाली.

"हाय तीच काढ. तुझी बी हाय ती. ये हिकडं."

ती येऊन त्याच्या शेजारी डोणीवर टेकली. पेन कसं धरायचं ते त्यानं तिला दाखवलं, त्याला स्वतःला आत्ताच कळलं होतं तरी. तिनं सावकाश दोन कान काढले, टोक उडवलं, चिरा दिल्या. मग थांबली, आणि त्यांच्याशेजारी आणखी एक कान काढला. लहान, अख्खा, कुठंही न कापलेला.

"ह्यो कुनाचा गं?" हरिबानं विचारलं.

"माझ्या ओटीतल्या कोकराचा," गिताबाई म्हणाली. "त्याला आजून खून केली नव्हती."